केळं, बिस्किट आणि पलंगाचा कुरतडलेला पाय

(हा या आठवड्याच्या एपिसोडचा मजकूर. बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन विसरला असाल तर वाचून घ्या.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आज एका माकडाच्या जेवणाबद्दल बोलायचंय. हसू नका. म्हणजे हसा, मीही आधी हसलोच होतो.

झालं असं. माझ्या टीममधल्या एका मित्राने दीड वर्षापूर्वी एक 'पॉकेट मंकी' घेतलं. खरं नाव कॉमन मार्मोसेट. मूठभर अंगाचं, कानापाशी पांढऱ्या केसांचे झुबके, शेपटीवर पट्टे. पूर्ण वाढलं तरी वजन साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. नाव ठेवलं बिट्टू. मी त्याच्याकडे गेलो, बिट्टूला केळ्याचा तुकडा दिला, त्याने तो दोन्ही हातांत धरून मिटक्या मारत खाल्ला, मी व्हिडिओ काढला आणि रील टाकली. माझ्या अकाउंटवरची आजवरची सगळ्यात जास्त चाललेली रील तीच. कमेंटमध्ये सगळे 'किती क्यूट' आणि 'कुठे मिळतं'. आणि मी, शहाणा, त्यांना हार्ट देत बसलो होतो.

चार महिन्यांपूर्वी बिट्टू पडद्यावरून सोफ्यावर उडी मारायला गेला आणि मागचा पाय मोडला. पडद्यावरून सोफ्यावर! जे जनावर झाडावरून झाडावर उड्या मारायला जन्माला आलंय त्याचा पाय गादीवर पडून मोडला. एक्स-रे काढला तेव्हा डॉक्टरांनी मोडलेल्या पायाबद्दल नंतर सांगितलं. आधी बाकीची हाडं दाखवली. ती पांढरीशुभ्र दिसायला हवीत, ती पुसट दिसत होती. पेन्सिलने काढून अर्धवट खोडल्यासारखी.

मग डॉक्टरांनी विचारलं, "खायला काय देता?"

मित्राने मोबाइल काढून विकणाऱ्याचा व्हॉट्सॲप मेसेज दाखवला. केळं, सफरचंद, द्राक्षं, दुधात भिजवलेलं बिस्किट, लहान मुलांचं सिरिअल. घरी हे सगळं मन लावून दिलं जात होतं. काकू तर, म्हणजे मित्राची आई, सफरचंदाची साल काढून, बारीक चिरून द्यायच्या. उपाशी तो एक दिवसही नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "हा डिंक खाणारा प्राणी आहे."

मित्राने मला रात्री फोन केला आणि पहिला प्रश्न हाच विचारला, "अरे, डिंक म्हणजे लाडवातला डिंक?"

हो, बऱ्यापैकी तोच. आणि तिथून मी पुढचे दोन-तीन आठवडे या भानगडीत शिरलो. त्यातलं जेवढं पक्कं कळलं तेवढं सांगतो.

काकूंची बऱ्याच दिवसांपासून एक तक्रार होती. बिट्टू पलंगाचा पाय कुरतडतो. सागवानी पलंग, लग्नातला. एकाच जागी, रोज सकाळी, खरवडून खरवडून त्याने छोटे खड्डे पाडले होते. मग तिथे चाटत बसायचा, पुन्हा खरवडायचा. मित्राने गूगल केलं, 'दात शिवशिवत असतील' असं उत्तर मिळालं आणि त्याने पाळीव पोपटांना देतात तसलं एक खेळणं आणून टाकलं. बिट्टूने त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तर हे खरवडणं म्हणजेच मार्मोसेटचं जेवण. ब्राझीलच्या ईशान्य भागात, जिथला हा मूळचा, तिथे त्याला सागुई म्हणतात. सागुई सकाळी उठतो, झाडाच्या खोडाला चिकटतो, वरचे दात सालीत रोवतो आणि खालच्या दातांनी साल खरवडून भोक पाडतो. झाडाला जखम झाली की झाड ती बुजवायला डिंक सोडतं. सागुई तो चाटतो, निघून जातो, पुन्हा येतो. तीच भोकं, तीच झाडं. स्वतःची झाडं राखून ठेवल्यासारखं, भोकांच्या आसपास स्वतःचा वासही लावून जातो.

त्याचे खालचे पुढचे दात बघण्यासारखे असतात. लांब, अरुंद, आणि आतल्या बाजूला इनॅमल जवळजवळ नाहीच. बाहेरची बाजू टणक, आतली मऊ. त्यामुळे वापरताना आतली बाजू आधी झिजते आणि दाताला आपोआप धार राहते. सुताराची पटाशी असते ना, तसं. नखंही आपल्यासारखी चपटी नाहीत. पायाचा अंगठा सोडला तर बाकी सगळ्या बोटांना आकड्यासारखी नख्या, म्हणजे उभ्या खोडाला खारीसारखं चिकटून राहता येतं. त्याचे जवळचे नातेवाईक, टॅमरिन नावाची माकडं, तीही डिंक खातात, पण त्यांच्याकडे ही पटाशी नाही. किड्याने किंवा दुसऱ्या कोणी भोक पाडलं असेल तर तिथला ओघळ ती चाटतात. मार्मोसेट स्वतः नळ उघडतो.

या कुटुंबातलं सगळ्यात छोटं म्हणजे पिग्मी मार्मोसेट, वरच्या ॲमेझॉन खोऱ्यातलं. जगातलं सगळ्यात लहान माकड, वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. एका हापूस आंब्याच्या निम्मं. ते तर खाण्याच्या वेळातला अर्ध्याहून जास्त वेळ डिंक आणि झाडांचे रस यांवरच घालवतं.

आता गंमत बघा. कॉमन मार्मोसेट ज्या झाडांना भोकं पाडतो त्यातलं एक आवडतं झाड म्हणजे काजू. हो, आपला काजू. काजू मूळचा ब्राझीलचाच, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो गोव्यात आणला आणि तिथून तो कोकणभर पसरला. माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूला. लहानपणी सुट्टीत काजूच्या खोडावरचे पिवळसर, काचेसारखे गोळे आम्ही काढायचो, वह्यांची फाटलेली पानं चिकटवायला. सागुईच्या सकाळच्या नाश्त्याने मी भूगोलाची वही चिकटवलीय हे मला या महिन्यात कळलं.

(आजोळी फोन करून हे सांगितलं तर मामा म्हणाला, "मग त्या माकडाक हयसर पाठव, झाडां आसत.")

थोडं सावकाश जाऊ, कारण खरी गोष्ट पोटात आहे.

झाडातून तीन वेगवेगळ्या गोष्टी बाहेर येतात आणि आपण त्यांची सरमिसळ करतो. चीक, राळ आणि डिंक. रुईचा असतो तो चीक. राळ पाण्यात विरघळत नाही, धूप वगैरे त्यातले. आणि डिंक पाण्यात विरघळतो किंवा निदान फुगतो. डिंक म्हणजे मुळात साखरेच्या रेणूंच्या लांबलचक, फाटे फुटलेल्या साखळ्या. 'साखर' ऐकून वाटेल की मग केळं काय आणि डिंक काय. पण या साखळ्या अशा जोडलेल्या असतात की आपल्या किंवा माकडाच्या पोटातली पाचकद्रव्यं त्या तोडू शकत नाहीत. फाइल आहे, पण ती उघडायचं सॉफ्टवेअर तुमच्याकडे नाही.

सॉफ्टवेअर असतं जंतूंकडे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक पिशवी असते, तिला सीकम म्हणतात. आपलं अपेंडिक्स याच पिशवीला लोंबकळत असतं. मार्मोसेटमध्ये ही पिशवी अंगाच्या मानाने चांगलीच मोठी असते. तिथे जंतू डिंक आंबवतात, त्यातून छोटी स्निग्ध आम्लं तयार होतात आणि ती शोषून माकडाला ऊर्जा मिळते. आंबवण हळू चालते. इडलीचं पीठ रात्रभर ठेवावं लागतं तसंच. ॲमेझॉनमधल्या टॅमरिनचा अभ्यास करणाऱ्यांना दिसलं की ती डिंक जास्त करून दुपारनंतर खातात, आणि त्याचं एक कारण असं मांडलं गेलं की मग तो झोपेच्या वेळात रात्रभर पोटात राहतो आणि जंतूंना पुरेसा वेळ मिळतो.

बिट्टूच्या पोटात ही सगळी आंबवण्याची यंत्रणा होती आणि आपण तिला काय पुरवत होतो, तर केळं. साखर वरच्या वरच शोषली जाते. खालच्या जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही, किंवा भलत्याच जंतूंची चलती होते. बंदिवासातल्या मार्मोसेटमध्ये जुनाट जुलाब आणि खंगत जाणं इतकं दिसतं की त्याला स्वतंत्र नाव आहे, 'मार्मोसेट वेस्टिंग सिंड्रोम'. त्यामागे बरीच कारणं गुंतलेली आहेत, एकट्या केळ्याच्या माथी ते मारता येणार नाही. पण बिट्टूची शी कायम पातळ असायची, आणि सगळ्यांनी ते 'माकडांचं असंच असतं' म्हणून सोडून दिलं होतं.

आता हाडं. इथे मला सगळ्यात जास्त धक्का बसला.

जंगलात मार्मोसेट डिंकासोबत किडे खातो. टोळ, नाकतोडे, कोळी, मिळालं तर सरड्याचं पिल्लूसुद्धा. प्रोटीन तिथून येतं. पण किड्यांना आपल्यासारखी हाडं नसतात, त्यामुळे त्यांच्यात कॅल्शियम अगदी कमी आणि फॉस्फरस भरपूर. साध्या रातकिड्यात कॅल्शियमच्या सुमारे सात पट फॉस्फरस असतो. शरीराला हे प्रमाण साधारण उलटं हवं असतं, म्हणजे कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने, शक्यतो जास्त. मग जंगलातला मार्मोसेट किडे खाऊन टिकतो कसा?

डिंकामुळे. डिंकात कॅल्शियम चांगलं असतं आणि फॉस्फरस जवळपास नसतोच. बाजारात गम अरेबिक म्हणून जो डिंक मिळतो तो रसायनाच्या भाषेत अरेबिक आम्लाचा क्षार आहे, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा. म्हणजे किड्यांनी बिघडवलेला तराजू डिंक सरळ करतो. ही काही एक्स्ट्रा टॉपिंग नाही. डिंक काढलात की उरलेलं सगळं जेवण एका बाजूला कलंडतं.

आणि आपण त्याऐवजी देतो केळं. केळ्यात कॅल्शियमच्या सुमारे चौपट फॉस्फरस. म्हणजे किडे तिकडे ओढणार, केळंही तिकडेच ओढणार, आणि या बाजूला कोणीच नाही.

मग शरीर काय करतं? रक्तातलं कॅल्शियम ठरलेल्या पातळीवर ठेवावंच लागतं, नाहीतर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत. गळ्यातल्या छोट्या ग्रंथी हॉर्मोन सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम उपसून रक्तात आणलं जातं. रोज थोडं थोडं. रक्त तपासलंत तर आकडा बरेचदा नॉर्मल येतो. आमच्याकडे प्रॉडक्शनवर असं व्हायचं. डॅशबोर्ड सगळा हिरवा, कारण सिस्टम गुपचूप बॅकअपवर चाललेली. बॅकअप संपला की मग रात्री तीन वाजता फोन. बिट्टूचा रात्री तीनचा फोन म्हणजे तो सोफा.

मादीच्या बाबतीत तर हे अजून अवघड. मार्मोसेटला साधारणपणे जुळी होतात, आणि दोन पिल्लांचं मिळून वजन आईच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास जातं. ५५ किलोच्या बाईला ११ किलोचं बाळंतपण, असा हिशोब करा. वर दूध पाजायचं. एका प्रयोगात मार्मोसेटपुढे साधं पाणी आणि कॅल्शियम घातलेलं पाणी असं दोन्ही ठेवलं, तर विणाऱ्या माद्यांनी कॅल्शियमच्या पाण्याला पसंती दिली. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देतात, बरोबर? हे सांगितल्यावर काकू एकदम गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे मी घरात डबा भरून ठेवला होता, आणि त्याला बिस्किटं देत होते."

काकूंवरून आठवलं. त्या एक गोष्ट अगदी नेमाने करायच्या. रोज सकाळी बिट्टूचा पिंजरा बाल्कनीच्या सरकत्या काचेपाशी ठेवायच्या. 'कोवळं ऊन लागू दे.' विचार शंभर टक्के बरोबर. पण काच बंद असायची, कबुतरं येतात म्हणून.

व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण, यूव्हीबी, साध्या खिडकीच्या काचेतून जवळपास येतच नाहीत. ऊब येते, उजेड येतो, हे किरण बाहेर अडकतात. आणि व्हिटॅमिन डी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियमही पोटातून नीट शोषलं जात नाही. त्यात दक्षिण अमेरिकेतल्या माकडांची एक खोड आहे. व्हिटॅमिन डीचे दोन प्रकार असतात, वनस्पती-बुरशीकडून येणारं डी२ आणि प्राण्यांच्या कातडीत तयार होणारं डी३. आपलं डी२ वर भागतं. यांचं नाही. यांना डी३च लागतं, आणि तेही जास्त, कारण यांच्या पेशी या व्हिटॅमिनला लवकर दादच देत नाहीत. १९६० च्या दशकात प्रयोगशाळांमध्ये ही माकडं मुडदुसाने वाकायला लागली तेव्हा हे उलगडलं.

आता हे ऐकून कोणी मेडिकलमधून डी३चे थेंब आणून पाजू नका, प्लीज. हे व्हिटॅमिन शरीरात साठतं. जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम बसतं आणि जनावर त्याने मरतं. ३०० ग्रॅमच्या प्राण्याला माणसाचा डोस म्हणजे काय होईल विचार करा. ते काम डॉक्टरांचं. आणि डॉक्टर म्हणजे असे प्राणी बघणारे, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात हे माहीत असेलच असं नाही. आम्हाला आधी एका ठिकाणी 'केळं चालू ठेवा, ताकद येईल' असंही सांगितलं गेलं होतं.

मग चांगल्या प्राणिसंग्रहालयांत काय करतात?

पहिलं म्हणजे त्यांनी फळं कमी केली. आपल्याला वाटतं जंगलात माकडं फळं खातात, म्हणून फळं द्या. पण बाजारातलं फळ हे माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून गोड केलेलं आहे. जंगलातल्या फळात साखर कमी, चोथा जास्त. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या पेंटन झूने २०१४ साली माकडांची केळी बंद केली तेव्हा जगभर बातम्या झाल्या. लोकांना ते क्रूर वाटलं होतं! त्यांचं म्हणणं सोपं होतं, आपली केळी माकडाला देणं म्हणजे केक आणि चॉकलेट देण्यासारखं आहे.

दुसरं, डिंक रोजच्या जेवणात आणला. गम अरेबिकची पावडर पाण्यात कालवून दाट पाक करतात. पण वाटीत ओतत नाहीत. लाकडाच्या ओंडक्याला किंवा फांदीला ड्रिलने भोकं पाडतात आणि पाक त्यात भरतात. मार्मोसेट फांदीला चिकटतो, खरवडतो, चाटतो. वाटीतलं जेवण दोन मिनिटांत संपतं, मग उरलेला दिवस करायचं काय? पलंगाचे पाय खायचे.

तिसरं, क्रम. ताट भरून एकत्र ठेवलं की माकड आधी गोड उचलतं. आपणही बुफेत तेच करतो. म्हणून दक्षिण अमेरिकी माकडांसाठी बनवलेलं तयार खाद्य, ज्यात डी३ आणि व्हिटॅमिन सी मोजून घातलेलं असतं, ते सकाळी भूक असताना आधी. किडे देतात तेही आधी कॅल्शियमयुक्त चारा खाऊ घातलेले, किंवा कॅल्शियमची पावडर भुरभुरवलेले.

हे फक्त मार्मोसेटपुरतं नाही, आणि फक्त परदेशातलंही नाही. आपल्या ईशान्य भारतात बंगाल स्लो लोरिस असतो, मोठ्या डोळ्यांचा, रात्री फिरणारा. त्रिपुरातल्या तृष्णा अभयारण्यात त्याच्यावर अभ्यास झाला, २०१० साली छापून आला. खाण्याच्या वेळातला साधारण दोन तृतीयांश वेळ तो डिंक आणि झाडांच्या रसावर घालवत होता. तोही साल खरवडतो. आणि बंदिवासातल्या लोरिसना जगभर वर्षानुवर्षं मऊ, गोड फळं दिली गेली. दात किडले, हिरड्या गेल्या, वजन वाढलं. चोरट्या बाजारातल्या लोरिसचे तर दात आधीच कापलेले असतात, चावू नये म्हणून. ज्या दातांनी जेवण मिळवायचं तेच. लोरिस कुठे विकताना दिसला तर तो थेट गुन्हा आहे, वनखात्याला कळवा. तो शेड्यूल एकमधला प्राणी आहे.

मार्मोसेटचं कायद्याचं थोडक्यात सांगतो कारण कमेंटमध्ये विचारालच. वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, आंतरराष्ट्रीय यादीतले परदेशी प्राणी त्यात आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी जवळ असेल तर परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. 'परदेशी आहे, चालतं' हे विकणाऱ्याचं वाक्य आता चालत नाही. मित्राचं कागदपत्रांचं प्रकरण सुरू आहे, त्याबद्दल इथे बोलणार नाही.

आता त्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. लाडवातला डिंक चालेल का?

आम्ही हेच डॉक्टरांना विचारलं. किराणा दुकानातल्या 'खायच्या डिंकात' बाभळीचा, खैराचा, धावड्याचा, काय काय मिसळलेलं असतं, ते आपल्याला कळत नाही. तुपात तळून फुलवलेला तर नाहीच नाही. त्यांनी खाण्याच्या दर्जाची गम अरेबिक पावडर आणायला सांगितली, बेकरीवाले वापरतात ती. पहिल्या दिवशी अगदी थेंबभर. कारण ज्या जंतूंनी डिंक पचवायचा ते दीड वर्षात कितपत उरलेत कोणास ठाऊक, त्यांना वाढायला वेळ द्यायला हवा. हळूहळू प्रमाण वाढवलं. केळं बंद. दूध, बिस्किट, सिरिअल बंद. यूव्हीबीचा दिवा लावला, शिवाय सकाळी काच उघडून जाळीतून खरं ऊन. कबुतरांचं बघून घेऊ, काकू म्हणाल्या.

अजून एक गोष्ट बंद झाली आणि ती सगळ्यांना जड गेली. मित्र बिट्टूला स्वतःच्या ताटातला, कधी तर ओठात धरलेला घास द्यायचा. आपल्यापैकी खूप जणांना ओठाच्या कडेला पाण्याचे बारीक फोड येतात ना, चार दिवसांत जातात, त्याचा विषाणू मार्मोसेटमध्ये गेला तर बहुतेक वेळा जीवच घेतो. फोड दिसत नसतानाही लाळेत विषाणू असू शकतो. मी स्वतः त्याला माझं उष्टं केळं दिलं होतं. रीलमध्ये स्पष्ट दिसतंय, मी आधी एक घास खातो.

ती रील मी काढून टाकली. काढताना मन खळखळ करत होतं, खोटं कशाला बोलू. तोपर्यंत ती कोणाकोणाच्या पेजवर पोचली होती, अजूनही कुठेतरी फिरत असेल, खाली 'कुठे मिळतं' विचारणारे असतीलच. तुम्हाला ती दिसली तर माझा हा एपिसोड तिथे चिकटवा.

इंग्लंडमध्ये डॉर्सेटला मंकी वर्ल्ड नावाचं संगोपन केंद्र आहे, तिथे घरांतून सोडवून आणलेले कितीतरी मार्मोसेट मुडदूस झालेल्या अवस्थेत आलेत. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात, एकटे ठेवलेले. त्या लोकांपैकीही बऱ्याच जणांनी प्रेमानेच खाऊ घातलं असणार. 'मला पाळायचंय, मी सगळं नीट करीन' असा मेसेज मला दोघांनी केलाय, म्हणून इथे बोलतो. डिंकाचं जमवाल. दिवा, किडे, पावडर, सगळं ऑनलाइन मागवाल. पण हा प्राणी आठ-दहा जणांच्या कुटुंबात राहतो, बाप पिल्लांना पाठीवर घेऊन फिरतो, दिवसभर एकमेकांशी शिट्ट्या मारून बोलतात. तुम्ही नऊ तास ऑफिसात असणार. ते कुठून मागवणार?

बिट्टूचा पाय जुळलाय, जरा वाकडा. एक्स-रे मागच्या आठवड्यात पुन्हा काढला, हाडांची कड आता दिसते. पूर्ण सरळ होईल का, तर डॉक्टर मान हलवतात, नाही म्हणून. वाढीच्या वयात गेलेलं सगळं परत येत नाही.

मित्राने पेरूची एक जाड फांदी आणली, औषध न फवारलेली, त्याच्या गावच्या झाडाची. ड्रिलने बारा भोकं पाडली. पहिले तीन दिवस बिट्टूने तिला हातही लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला मला व्हिडिओ आला. बिट्टू फांदीला उभा चिकटलाय, वरचे दात रोवलेत आणि खर्र, खर्र, खर्र असा आवाज येतोय. आमच्या बारा भोकांपैकी एकही नको होतं त्याला. तो स्वतःचं तेरावं पाडत होता.

व्हिडिओत मागून काकूंचा आवाज येतो, "अरे, तिथे डिंक नाहीये, इकडे आहे, इकडे."

पुढच्या आठवड्यात परत आपल्या नेहमीच्या विषयाकडे, नोटीस पिरियडमध्ये काय करू नये. तोवर, भेटूच.